बिअर 1.020 वर का अडते? आधी वर्ट तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वर्ट म्हणजे यीस्टला खायला दिलेलं गोड पाणी, एवढंच ना? माझी पेल एल (फिकट माल्टची बिअर) दरवेळी 1.050 ला सुरू होते आणि 1.020 ला येऊन थांबते. यीस्ट दोनदा बदलून पाहिलं, फरक पडला नाही. यात वर्टचा काही संबंध असू शकतो का?"

असू शकतो. (हे आकडे घनतेचे: पाणी 1.000 धरलं तर द्रव त्याच्या किती पट जड आहे. साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो. वर्ट म्हणजे माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, काढलेला न आंबलेला गोड द्रव.) तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तरी पहिला संशय वर्टचाच येतो. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरून दाखवलं. तेव्हापासून यीस्ट ही ब्रुअरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्याच्या, हातातली बऱ्यापैकी स्थिर गोष्ट झाली. पाकीट फोडलं की मागच्या वेळचंच यीस्ट मिळतं. वर्ट तसं पाकिटातून येत नाही. ते दरवेळी नव्याने बनवावं लागतं, आणि माल्ट, पाणी, तापमान, वेळ यांपैकी काहीही जरा हललं तर वर्ट बदलतं. तीन वेगवेगळी यीस्ट एकाच आकड्यावर येऊन थांबतात, तेव्हा त्यांना खाण्याजोगं तेवढंच मिळालं असण्याची शक्यता मोठी असते. या धंद्यात म्हणतात की ब्रुअर वर्ट बनवतो आणि बिअर यीस्ट बनवतं. मला हे अगदी पटतं. आपलं बहुतेक काम यीस्ट पडण्याआधीच होऊन गेलेलं असतं.

आता "गोड पाणी" कशाचं असतं ते पाहू. 1.050 च्या एक लिटर वर्टमध्ये सुमारे 130 ग्रॅम पदार्थ विरघळलेला असतो. त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग कर्बोदकं, बाकी प्रथिनं, अमिनो आम्लं, खनिजं आणि टॅनिनसारखे पदार्थ. फक्त माल्टपासून केलेल्या नेहमीच्या वर्टमध्ये या कर्बोदकांपैकी जवळपास निम्मा माल्टोज, दहा ते पंधरा टक्के माल्टोट्रायोज, थोडं ग्लुकोज, त्याहून कमी सुक्रोज आणि फ्रुक्टोज, आणि उरलेला साधारण पाव हिस्सा डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे अर्धवट तुटलेले मोठे तुकडे, असतं. यीस्ट आधी सुक्रोज पेशीच्या बाहेरच तोडतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज संपवतं, मग माल्टोजकडे वळतं आणि सगळ्यात शेवटी माल्टोट्रायोजला हात घालतं. डेक्स्ट्रिनला बिअरचं नेहमीचं यीस्ट शिवतही नाही. त्यामुळे हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) सुरुवातीला जो 1.050 दाखवतो त्यात खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं दोन्ही मिळून मोजलेलं असतं. सारखाच आकडा असलेली दोन वर्ट शेवटी अगदी वेगळ्या बिअरमध्ये संपू शकतात.

तुमचंच गणित घ्या. 1.050 वरून 1.020 म्हणजे दिसणारं अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे आंबण्याचं प्रमाण, 60 टक्के. "दिसणारं" म्हणायचं कारण असं की अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने तो हायड्रोमीटरचा आकडा खाली ओढतो. प्रत्यक्षात विरघळलेल्या पदार्थापैकी निम्माच आंबला आहे. बिअर सुमारे 3.9 टक्क्यांची झाली. तीच 1.010 पर्यंत गेली असती तर सव्वापाच टक्के झाली असती. पेल एलसाठी मी 1.010 ते 1.012 ची अपेक्षा ठेवतो.

हा फरक कुठे पडतो? बहुतेक वेळा मॅशमध्ये, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवतो त्या पायरीत, त्यामुळे तिथे जरा थांबू.

बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग भट्टीत वाळवतात, त्याला आपण माल्ट म्हणतो. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि स्टार्चभोवतीच्या भिंती मोकळ्या होतात. 1833 मध्ये फ्रान्समध्ये पायें आणि पेर्सो या दोघांनी माल्टच्या अर्कातून स्टार्चचं साखरेत रूपांतर करणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायस्टेज नाव दिलं. वेगळं काढलेलं ते पहिलं एन्झाइम. आज आपल्याला ठाऊक आहे की त्यात मुख्यतः दोन कामगार आहेत. बीटा अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे तोडतं, म्हणजे थेट माल्टोज बनवतं. अल्फा अमायलेज साखळी मधेच कुठेही तोडतं. त्यामुळे स्टार्च लवकर विरघळतो आणि बीटाला नवी टोकं मिळतात, पण तुकडे लहान-मोठे कसेही पडतात. फांदीचा जोड मात्र या दोघांनाही तोडता येत नाही. स्टार्चचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग फांद्या असलेल्या अमायलोपेक्टिनचा असतो, म्हणून डेक्स्ट्रिन उरतंच. फांद्या तोडणारं लिमिट डेक्स्ट्रिनेज माल्टमध्ये असतं, पण ते थोडं असतं आणि उष्णतेला लवकर हार मानतं.

आता तापमान. बीटा 60 ते 65 अंश सेल्सिअसला उत्तम चालतं आणि 70 च्या वर झपाट्याने मरतं. अल्फा 70 ते 75 ला जोमात असतं. बार्लीचा स्टार्च 60 ते 65 च्या दरम्यान फुलतो आणि एन्झाइमला खुला होतो. म्हणजे आपण ज्या अरुंद पट्ट्यात काम करतो तिथे दोन-तीन अंशांनी वर्टचा स्वभाव बदलतो. 64-65 ला तासभर ठेवलेल्या मॅशचं वर्ट चांगलं आंबतं, बिअर कोरडी, सुटसुटीत लागते. 69-70 ला ठेवलेल्या मॅशमध्ये अल्फा पुढे निघून जातं, बीटा थोड्याच वेळात संपतं, डेक्स्ट्रिन वाढतं आणि शेवटचा आकडा वर राहतो. दोन्ही मॅशची आयोडिन चाचणी स्वच्छ येईल, म्हणजे काळा-निळा रंग दिसणार नाही. आयोडिन फक्त स्टार्च उरला नाही एवढंच सांगतं. त्याचं रूपांतर माल्टोजमध्ये झालं की डेक्स्ट्रिनमध्ये, याबद्दल ते काहीच सांगत नाही. "आयोडिन पास झालं, मग मॅश ठीकच असणार" असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात. तुम्हीही तसंच धरलं असेल तर तो विश्वास आधी सोडा.

म्हणून पहिली गोष्ट थर्मामीटर. तुमचा थर्मामीटर 66 दाखवतो तेव्हा मॅश खरंच 66 ला आहे का? वितळणाऱ्या बर्फात तो शून्य दाखवतो हे पाहिलंत तरी पुरेसं नाही, कारण पुष्कळ स्वस्त थर्मामीटर खाली बरोबर आणि वर चुकीचे असतात. 65 अंशांच्या आसपासच्या पाण्यात दुसऱ्या भरवशाच्या थर्मामीटरशी ताडून पाहा. आणि मॅश एकाच जागी मोजू नका. खालून आच देत असाल तर तळ 75 आणि वरचा थर 63 असं सहज होतं, आणि तळाला लागलेलं बीटा अमायलेज परत जिवंत होत नाही. गरम पाण्यात माल्ट घालताना पहिली काही मिनिटं तापमान बरंच वर असेल आणि तुम्ही ते हळूहळू खाली आणत असाल, तरी नुकसान तेव्हाच होऊन गेलेलं असतं.

पीएचही पाहा. मॅश 5.2 ते 5.6 मध्ये असावा. (पीएचची मोजपट्टीसुद्धा त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतली, 1909 ची, सोरेन्सेनची. बिअरने विज्ञानाला दिलेल्या गोष्टींत मला ही सगळ्यात मोलाची वाटते.) पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल आणि माल्ट सगळा फिकट असेल तर पीएच वर राहतो आणि एन्झाइम मंदावतात. कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून पीएच खाली आणतं. भाजलेले गडद माल्ट मुळातच आम्लधर्मी असतात, म्हणून अशा पाण्यात गडद स्टाउट बरी जमते आणि फिकट पिल्सनर रुसते.

माल्टचं मिश्रणही विचारात घ्या. क्रिस्टल माल्टचं (ज्याची बरीच साखर यीस्टला खाता येत नाही) प्रमाण पंधरा-वीस टक्क्यांवर गेलं असेल तर आकड्यातला काही भाग तिथेच अडकतो. माल्ट एक्स्ट्रॅक्ट (आटवलेलं तयार वर्ट) वापरत असाल तर मॅश दुसऱ्याच कोणी केलेला असतो आणि ते वर्ट किती आंबेल हे डब्यातच ठरलेलं असतं. मग त्यातला थोडा भाग साध्या साखरेने बदलण्याखेरीज तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. शेवटचा आकडा वर राहिला म्हणजे बिअर गोड होते असं नाही. डेक्स्ट्रिन जवळजवळ बेचव असतं. 1.020 ची बिअर जड, पोट भरणारी लागेल, पण गोडवा जाणवत नसेल तर उरलेलं बहुधा डेक्स्ट्रिन आहे. ती चक्क गोड लागत असेल तर माल्टोज, माल्टोट्रायोज न खाता राहिले आहेत आणि संशयाची सुई यीस्टकडे वळते. ही चव पुरावा म्हणून पुरेशी नाही, पण मी ती नेहमी आधी घेऊन पाहतो.

मॅशनंतर वर्ट चोथ्यातून गाळून घेतो. माल्टची टरफलंच इथे गाळणीचं काम करतात, म्हणून भरडा असा हवा की आतला गर फुटावा आणि टरफल शाबूत राहावं. उरलेली साखर धुऊन काढायला वरून गरम पाणी सोडतो, ते 78 अंशांच्या वर नको. गाळून येणाऱ्या वर्टची घनता 1.010 च्या खाली गेली की मी थांबतो. त्यापुढे साखर नावालाच असते, पीएच चढतो आणि टरफलांतलं टॅनिन उतरून तोंडाला कोरड पाडणारा तुरटपणा येतो.

मग उकळ. लोक उकळीकडे हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा काढायची पायरी म्हणून बघतात. ते आहेच: हॉप्समधली अल्फा आम्लं वर्टमध्ये फारशी विरघळत नाहीत, उकळीत त्यांची रचना बदलून आयसो-अल्फा आम्लं होतात आणि तीच कडू लागतात. तासभर उकळूनही साधारण तिसरा हिस्साच कामी येतो, आणि वर्ट जितकं घट्ट तितका तोही कमी. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने उकळीचं मोठं काम दुसरंच आहे. ती एन्झाइम मारते. मॅशमध्ये साखर आणि डेक्स्ट्रिनचं जे प्रमाण ठरलं, ते उकळीने कायमचं गोठतं. माल्ट व्हिस्कीवाले वर्ट उकळत नाहीत, हॉप्सही घालत नाहीत. त्यामुळे त्यांच्या टाकीत यीस्ट काम करत असताना एन्झाइमही डेक्स्ट्रिन तोडत राहतात आणि घनता 1.000 च्या खाली जाते. त्यांना सगळं अल्कोहोल हवं असतं. आपल्याला बॉडी, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, हवी असते, म्हणून आपण हा हिशोब उकळीने बंद करतो. एकदा बंद केला की नंतर कोणतंही नेहमीचं यीस्ट घालून तो उघडत नाही.

उकळीत प्रथिनं गुठळ्या होऊन खाली बसतात, त्यामुळे बिअर पुढे कमी गढूळ होते. वर्ट निर्जंतुक होतं. आणि फिकट माल्टमध्ये एस-मिथाइल मेथिओनिन नावाचा पदार्थ असतो, त्यातून डायमिथाइल सल्फाइड सुटतं, ज्याला उकडलेल्या मक्याचा वास येतो. उकळीत या मूळ पदार्थाचं प्रमाण साधारण 40 मिनिटांत निम्मं होतं, आणि सुटलेला वायू वाफेबरोबर उडून जातो. म्हणून उकळीच्या भांड्यावर झाकण ठेवू नका, आणि पिल्सनर माल्ट असेल तर 90 मिनिटं उकळा. आच बंद केल्यावरही वर्ट गरम असेपर्यंत तो वायू सुटत राहतो, मात्र आता उडून जात नाही. तेव्हा गार करायला वेळ लावू नका.

उकळ संपल्यावर वर्ट गोल ढवळून सोडलं की गाळ मधोमध ढिगासारखा जमतो, जसा ढवळलेल्या कपात चहाचा चुरा मध्ये येतो. बाजूने निवळ वर्ट काढून घ्यायचं. थोडा गाळ सोबत आला तरी बिघडत नाही. त्यातल्या चरबीचा यीस्टला उपयोगच होतो.

गार झालेल्या वर्टइतकी नाजूक अवस्था सगळ्या प्रक्रियेत दुसरी नाही. त्यात साखर आहे, अमिनो आम्लं आहेत, अल्कोहोल अजून नाही, पीएच 5 च्या वर आहे. यीस्ट कामाला लागलं की पीएच 4.5 च्या खाली उतरतो आणि बहुतेक जिवाणूंचं जगणं अवघड होतं. तोवर जे आधी पोहोचेल ते वर्टचा ताबा घेतं. गार करण्यापासून यीस्ट घालण्यापर्यंतचा वेळ मी जितका कमी करता येईल तितका करतो.

याच टप्प्यावर दुसरा संशयित सापडतो. उकळीने वर्टमधला प्राणवायू हाकलून दिलेला असतो, आणि नव्या पेशींच्या पटलांसाठी लागणारी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं बनवायला यीस्टला तो लागतो. गार वर्टमध्ये लिटरमागे 8 ते 10 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. नुसती हवा खळखळून फार तर 8 च्या आसपास जाता येतं. वर्ट गरम असताना मात्र हवा मिसळू नका, त्याने चव शिळी होते. कोरडं यीस्ट वापरत असाल तर ही गरज बरीच कमी असते, कारण कारखान्यातच त्याच्या पेशींत साठा भरलेला असतो.

अमिनो आम्लांचा प्रश्न फक्त माल्टच्या वर्टमध्ये सहसा येत नाही. यीस्टला घेता येईल असा नायट्रोजन लिटरला 150 ते 200 मिलिग्रॅम असला की पुरे. साखर किंवा सिरप भरपूर घातलं तर हे प्रमाण पातळ होतं, आणि मग आंबणं रेंगाळतं, गंधकाचा वास किंवा लोण्यासारखी चव राहते. जस्त फार थोडं लागतं, लिटरला मिलिग्रॅमचा एक-दोन दशांश, पण ते बहुतेक चोथ्यात आणि गाळात अडकून राहतं. म्हणून कित्येक ब्रुअरीज उकळीच्या शेवटी ते वेगळं घालतात.

वर्ट कोणासाठी बनवतो आहोत हे डोळ्यापुढे ठेवून काम कसं करतात, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ब्रसेल्सच्या आसपासची लँबिक नावाची बिअर आहे. तिथे मॅश मुद्दाम असा करतात की वर्टमध्ये डेक्स्ट्रिन आणि स्टार्चही भरपूर राहावा. आपल्या दृष्टीने ते बिघडलेलं वर्ट. पण रात्रभर उघड्या, उथळ भांड्यात गार होताना त्यात जे जंगली यीस्ट आणि जिवाणू उतरतात, त्यांना लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं पुरेल असं खाणं लागतं. नेहमीचं यीस्ट थकून थांबल्यावर ब्रेटानोमायसिस हे जंगली यीस्ट त्याच डेक्स्ट्रिनवर पुढे चालू राहतं.

आता तुमच्या बिअरचा निकाल लावायचा कसा? अंदाज करत बसू नका. आधी आकडाच खरा आहे का ते पाहा. शेवटचं माप रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं साधन) घेत असाल तर तो अल्कोहोलमुळे फसतो. 1.050 ला सुरू होऊन खरी 1.010 ला पोहोचलेली बिअरसुद्धा त्यावर दुरुस्ती न करता 1.020 च्या वर दिसते. तसं असेल तर तुमच्या बिअरला काहीच झालेलं नाही. हायड्रोमीटर वापरत असाल तर नमुन्यातला वायू ढवळून काढून टाका, कारण बुडबुडे नळीला वर उचलतात, आणि नमुना हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणून मोजा.

पुढच्या ब्रूच्या दिवशी यीस्ट घालताना 300 मिलिलिटर वर्ट स्वच्छ, निर्जंतुक बाटलीत वेगळं काढा. त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट घाला, चमचाभर कोरडं यीस्ट चालेल. तोंड सैल झाका, 25 ते 27 अंशांना ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा हलवा. दोन-तीन दिवसांत ते आंबून थांबेल. वायू काढून घनता मोजा. हा आकडा म्हणजे त्या वर्टची मर्यादा. त्या यीस्टने त्याखाली जाणं शक्य नाही.

चाचणीही 1.019-1.020 लाच थांबली तर दोष वर्टचा, म्हणजे मॅशचा. माल्ट तेच ठेवा, यीस्ट तेच ठेवा, फक्त मॅश 64-65 ला 75 ते 90 मिनिटं धरा आणि पुन्हा हीच चाचणी करा. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. चाचणी 1.010 ला गेली आणि टाकी मात्र 1.020 ला अडून राहिली, तर वर्ट निर्दोष आहे. मग यीस्टची मात्रा, प्राणवायू आणि रात्री उतरणारं तापमान या क्रमाने बघा.

सध्या टाकीत 1.020 वर उभी असलेली बिअर हे ठरेपर्यंत बाटल्यांत भरू नका. तिच्यातला नमुना काढून त्यावरही हीच चाचणी करता येते, ताजं यीस्ट घालून. आकडा हलला नाही तर ती बिअर अडकलेली नाही, पूर्ण झालेली आहे, निर्धास्त भरा. पण तो 1.010 ला उतरला, तर ते उरलेले दहा अंक बाटलीत आंबू शकतात आणि त्यातून पाच व्हॉल्यूमच्या आसपास, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या सुमारे पाचपट, कार्बन डायऑक्साइड निघेल. साध्या बिअरला एकूण दोन-अडीच लागतात, आणि नेहमीच्या बाटलीची काच एवढा दाब सहन करण्यासाठी बनवलेली नसते. अशी टाकी 20-21 अंशांना आणा, हलकेच हलवून बसलेलं यीस्ट उठवा, गरज पडली तर जोमात आंबत असलेलं ताजं यीस्ट घाला, आणि सलग तीन दिवस आकडा तोच येईपर्यंत थांबा.